फ्यूज उडाला म्हणून हसलात

मित्रांनो, मी एक म्हातारा बॉक्सर कुत्रा आहे. वय आठ वर्षं. आमच्या जातीत एवढ्या वयातच तोंडावरचं काळं पांढरं व्हायला लागतं. घरात मला पैलवान म्हणतात. मी रागावलेलो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

जन्मून तीन-चार दिवस झाले नाहीत तोच आमच्या शेपट्या कापल्या. कशासाठी, ते आजवर कळलं नाही. दोन बोटं जे उरलं त्याला माणसं ‘खुंटी’ म्हणतात. माझी शेपटी गेली आणि त्यांना हसायला एक शब्द मिळाला.

दोन महिन्यांचा असताना बाबांनी मला आणलं. बाबा सोफे दुरुस्त करतात. खाली दुकान, वर घर. दुकानात काथ्याचे ढीग, फोमचे तुकडे, आणि तोंडात बारके खिळे धरून रेक्झिन ताणणारे बाबा. मी फोमवर झोपायचो आणि दुकान राखायचो. एकदा गोंदाच्या डब्याजवळ ठिणगी पडली. बाबा वर जेवत होते. मी भुंकून भुंकून त्यांना ताटावरून उठवलं. चार दिवस माझं फार कौतुक झालं.

रविवारी सकाळी मैदानात बॉक्सर पाळणारे जमायचे. त्यांची एक वेगळीच भाषा होती, आणि त्यातले निम्मे शब्द बाबांचे. आनंदाने आमचं अंग वाकडं होऊन तोंड ढुंगणाला टेकलं, की ‘काजू झाला’. ओठातून लाळ लोंबली, की ‘नाडी सुटली’. जीभ बाहेर राहिली, की ‘तिकीट निघालं’. उगाच गोल गोल पळत सुटलो, की ‘भिंगरी लागली’. या शब्दांवर माझा राग नव्हता. बाबा “काजू” म्हणाले की मी आणखी वाकडा व्हायचो. ते हसले की मला बरं वाटायचं. आता त्याचीही लाज वाटते.

तिथे एक सर यायचे. चित्रकलेचे शिक्षक, निवृत्त झालेले, घरी एकटे. त्यांची भुरी माझी मैत्रीण. एका रविवारी पळता पळता भुरी आडवी झाली. पाय ताठ, डोळे उघडे. थोड्या वेळाने उठली आणि काही झालंच नाही अशी अंग झटकून चालू लागली.

“फ्यूज उडाला हिचा,” बाबा म्हणाले.

मैदानभर हशा पिकला. सरही हसले. शब्द सगळ्यांना आवडला.

पुढच्या महिन्यात जिना चढताना माझ्या डोळ्यांपुढे काळोख आला. जाग आली तेव्हा हनुवटी पायरीवर आपटलेली होती, आणि बाबा समोर फोन धरून उभे होते. “ताई, बघ, पैलवानाचाही फ्यूज उडाला.” ताई म्हणजे त्यांची मुलगी. तीही हसली. मी घाबरलो होतो, मित्रांनो. मला कुणीतरी जवळ घ्यायला हवं होतं. तो व्हिडिओ बाबांनी सगळ्यांना पाठवला. महिन्याभराने मी पुन्हा पडलो. त्याचाही व्हिडिओ निघाला.

मग तो रविवार आला. भुरी चेंडूमागे धावली आणि पडली. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, “मेन स्विच बघा.” आणखी हसले. मी तिच्याजवळ गेलो, तिचं तोंड चाटलं. तोंडात श्वास नव्हता. मी भुंकलो, तर म्हणाले, पैलवान वायरमन झाला. सर चालत आले, वाकले, आणि मग कुणीच हसलं नाही. भुरी सहा वर्षांची होती.

त्यानंतर बाबा काय म्हणाले असतील? “वय झालं होतं.” असं म्हणून ते दुकानात खिळे ठोकत बसले.

तिसऱ्यांदा मी दुकानात पडलो. सर जुनी खुर्ची दुरुस्तीला घेऊन आले होते, त्यांना बघून मी उठलो, तेवढ्यात कोसळलो. शुद्धीवर आलो तर सर जमिनीवर बसलेले, त्यांचा हात माझ्या बरगड्यांवर.

“अहो सर, काही नाही, त्याचा फ्यू...”

“तो शब्द माझ्यासमोर काढू नका,” सर म्हणाले. “मीही हसलो होतो. गाडी काढा.”

डॉक्टरबाईंनी विचारलं, “याआधी कधी पडला होता?” ताईने फोन पुढे केला. दोन्ही वेळचे व्हिडिओ होते. बाईंनी पहिला लावला, लगेच थांबवला.

“हसण्याचा आवाज बंद करता का? मला कुत्रा बघायचाय.”

त्यांनी तो घड्याळ लावून पाहिला. “एकवीस सेकंद. एवढा वेळ तुम्ही नुसते उभे होता?”

बाबा म्हणाले, “मला वाटलं, गंमत आहे.”

दिवसभर माझ्या छातीला पट्ट्याने एक छोटं यंत्र बांधून ठेवलं. हृदयाचे ठोके चुकत होते. बॉक्सरांमध्ये हे होतं, बाई म्हणाल्या. बरं होत नाही, पण गोळ्यांनी आवरता येतं. “पहिल्यांदा पडला तेव्हाच आणायला हवं होतं.” हे ऐकून सर बाहेर जाऊन उभे राहिले.

आता मला रोज गोळ्या असतात. बाबा त्या पोळीच्या तुकड्यात लपवतात. मला कळतं, तरी खातो. दुपारी काम थांबवून ते माझ्या छातीवर हात ठेवतात आणि ओठ हलवत ठोके मोजतात. परवा म्हणाले, “पैलवाना, माफ कर रे.” मी तोंड फिरवून घेतलं. भुरीच्या वतीने माफ करायचा अधिकार मला नाही.

मित्रांनो, आम्हाला नावं ठेवा, हवं तेवढं हसा. आम्ही दिसतोच तसे. पण आमच्यातला कुणी पडला, तर हातातला फोन खाली टाका आणि गुडघ्यांवर बसा. छातीवर हात ठेवा. उठला, की आधी डॉक्टरांकडे न्या, मग हसा. मीही अंग वाकडं करून तुमच्याबरोबर हसेन.