रक्तावरची साय

चौदा एप्रिलच्या जयंतीला नांदेडच्या वस्तीत तपासणी शिबिर होतं. अश्वजितनं रक्त दिलं ते केवळ रांग लहान दिसली म्हणून. तब्येतीची काही तक्रार नव्हती. वय बेचाळीस, भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, दिवसभर शेतं मोजत बांधावरून चालणं. दारू नाही, तंबाखू नाही, मटणसुद्धा सणावारी.

तासाभरानं शिबिरातल्या हरिओम नावाच्या तंत्रज्ञानं त्याला मांडवाच्या मागच्या टेबलाशी बोलावलं.

"साहेब, हे तुमचंच रक्त. बघा एकदा."

हरिओमच्या हातात काचेची बारकी नळी होती. रक्त यंत्रात फिरवलं की लाल भाग तळाला बसतो आणि वर पिवळसर पाणी राहतं. शेजारच्या नळ्यांमध्ये तसंच होतं, तिळाच्या तेलासारखं नितळ. अश्वजितच्या नळीत मात्र वर पांढरं होतं. दाट ताकासारखं.

"काय झालं हे?"

"चरबी. काल काय खाल्लं होतं?"

"साधंच. शाकाहारी."

हरिओम हसला नाही. त्यानं चिठ्ठीवर डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. "उपाशीपोटी परत एकदा तपासा. पण जा नक्की."

अश्वजितनं नळी उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली. भीती नंतर वाटली. आधी नवल वाटलं. आपल्या अंगात असलं काही वाहतंय आणि आपल्याला त्याचा पत्ताच नाही!

उपाशीपोटी केलेल्या तपासणीतही चरबीचा आकडा सहाशेच्या वर आला; तो दीडशेच्या आत हवा. डॉक्टर वर्षाराणी बाईंनी सोनोग्राफी करायला लावली. यकृतावर चरबी चढली होती. बायको लुंबिनी सोबत होती. ती अर्धापूरजवळच्या शाळेत शिक्षिका. मुलीची शाळा नांदेडात, म्हणून दोघी इथं राहायच्या. अश्वजितची बदली अहमदपूरला झाल्यापासून तो तिथं खोली करून होता आणि शनिवारी एसटीनं घरी यायचा.

"दीड वर्षात तेरा किलो वाढलेत," डॉक्टर म्हणाल्या. "गोड खाता का?"

"चहासुद्धा बिनसाखरेचा घेतो."

"मग जेवता कुठं?"

"हॉटेलात. मोजणी आटोपून तीन-साडेतीनला. पनीरची हाफ भाजी, दाल तडका, तीन रोट्या, थोडा जिरा राइस. आमच्या ऑफिसात सगळे तेच खातात."

"एका ताटात तेल किती असतं?"

अश्वजितनं बोटं वाकवून अंदाज धरून पाहिला. मग म्हणाला, "माहीत न्हाई."

"हा आकडा असाच चढत राहिला तर एक दिवस स्वादुपिंडाला सूज येईल. फार दुखतं ते, जिवावरही बेततं. यकृताचं तर चालूच आहे. गोळी देते, पण ताट बदलल्याशिवाय गोळी काय करणार?"

परतताना रिक्षात लुंबिनी म्हणाली, "अहो, तुम्ही दुसऱ्याचं शेत बोटभर इकडचं तिकडं होऊ देत नाही. अन् स्वतःच्या ताटात काय पडतं ते ठाऊक नाही?"

हे त्याला लागलं.

सोमवारी अहमदपूरला जाताना त्यानं बॅगेत स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा टाकला.

हॉटेल बायपासवर होतं. मालक व्यंकटराव, साठीकडे झुकलेले, गल्ल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला नावानं हाक मारणारे. दुपारची गर्दी ओसरल्यावर अश्वजितनं त्यांना सांगितलं, "मला तुमच्या भटारखान्यात बसून जरा मोजायचंय."

व्यंकटरावांचा चेहरा उतरला. "साहेब, कुनी तक्रार केली काय?"

"तक्रार कसली? माझ्याच ताटाची मोजणी हाय." त्यानं रिपोर्ट दाखवला, नळीतल्या पांढऱ्या थराबद्दल सांगितलं.

व्यंकटरावांनी रिपोर्ट उलटासुलटा पाहिला. "रक्तावर साय? असं बी असतंय?" ते स्वतःच उठले. "चला. मलाबी बघू द्या."

आचारी अमरेश उदगीरकडचा. पन्नाशीचा, अंगानं जाड, हात मात्र एकदम हलका. तो कधीच मोजून काही घालत नसे. तेल पळीनं, लोणी अंदाजानं, क्रीम वरून धार धरून. भट्टीजवळ रोट्या लावायला गंगम्मा होती, देगलूरची.

"साहेब, हात थांबवून मोजलं तर चव बिघडती की," अमरेश कुरकुरला.

"थांबू नको. तू कर, मी फक्त भांडं काट्यावर ठेवतो."

अमरेशनं नेहमीसारखी हाफ पनीर करायला घेतली. दर वेळी काही घातलं की अश्वजित भांडं उचलून काट्यावर ठेवायचा आणि वहीत आकडा लिहायचा. कढईत पहिल्यांदा पडलेली पळी वीस ग्रॅमची निघाली. हे त्यानं धरूनच ठेवलं होतं. धरलं नव्हतं ते पुढचं. मोठ्या पातेल्यातली तयार ग्रेव्ही आधीच तेलात परतलेली होती. तिच्यात काजू आणि टरबुजाच्या बियांचा मगज वाटलेला. वर लोण्याचा गोळा, पनीरची स्वतःची चरबी, क्रीम. सगळं झाल्यावर अमरेशनं एका वेगळ्या डब्यातून लालभडक तेल चमचाभर घेतलं आणि भाजीवर सोडलं.

"हे काय आता?"

"तरी. ती वरून दिसाया पाहिजे."

रोटीला गंगम्मा कुंचल्यानं लोणी लावत होती. अश्वजितनं कोरडी रोटी आधी तोलली आणि लावलेली नंतर. एका रोटीमागं आठ ग्रॅम. दाल तडक्याचा तडका वेगळा. भातावरचं तूप वेगळं.

त्यानं बेरीज दोनदा केली. एका ताटात एकशे तीस ग्रॅम तेल-तूप-लोणी. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ग्रॅमला नऊ कॅलरी. म्हणजे नुसत्या चरबीच्या अकराशे सत्तर. रोट्या, भात, डाळ धरली तर दोन हजाराच्या घरात. डॉक्टरांनी त्याला अख्ख्या दिवसासाठी अठराशे सांगितल्या होत्या.

अश्वजितनं रिकाम्या पेल्यात एकशे तीस ग्रॅम तेल ओतून ओट्यावर ठेवलं. चौघंही त्या पेल्याकडे बघत राहिले.

"एवढं पी म्हनलं तर मी पिनार न्हाई," अमरेश म्हणाला.

"मी रोज पिऊन राहिलो," अश्वजित म्हणाला.

व्यंकटराव जरा अस्वस्थ झाले. "साहेब, ह्यात माझी लबाडी न्हाई. तरी दिसली न्हाई तर गिऱ्हाईक प्लेट परत धाडतंय. म्हनतंय, भाजी वाळली. लोक घरचं खाऊन कंटाळून इथं येतेत."

"पण चव खरंच तेलाची असते का? कमी घातलं तर कळेल कुणाला?"

हा प्रश्न अमरेशला आवडला. त्यानं लगेच दोन भाज्या केल्या, एक नेहमीची आणि दुसरीत तेल तिसरा हिस्सा, लोणी-क्रीम नाहीच. वाट्यांवर खूण फक्त गंगम्माला माहीत. अश्वजितनं आणि व्यंकटरावांनी डोळे मिटून घास घेतले.

अश्वजितला खात्री होती की फरक कळणार नाही. निदान आता, सगळं माहीत झाल्यावर, जीभ शहाणी झाली असेल. त्यानं दोन्ही पुन्हा चाखलं आणि डावी वाटी पुढं सरकवली. "ही चांगली."

गंगम्मा फिसकन हसली. "जास्तीच्या तेलाची हाय ती."

व्यंकटरावांनीही तीच निवडली होती. अश्वजित ओशाळला. नळी बघितली, रिपोर्ट बघितला, पेला बघितला, तरी जीभ तिकडेच पळते. मग दीड वर्ष आपण बेसावध होतो असं तरी कसं म्हणायचं? बरं वाटत होतं म्हणूनच खात होतो. रिकाम्या खोलीवर जाण्याआधी ते एक ताट हाच दिवसातला सुखाचा भाग होता.

"गंगम्मा मावशी, तुम्हाला कोणती आवडते?"

"मला कोनतीच नको. छातीत जळतंय माझ्या."

"मग तुम्ही जेवता काय?"

तिनं कोपऱ्यातल्या परातीवरचं फडकं बाजूला केलं. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, पातळ वरण. कामावरच्या माणसांसाठी ती रोज सकाळी करायची.

"मला हेच मिळंल का रोज?" अश्वजितनं विचारलं.

"आमच्या मानसाचं जेवन गिऱ्हाइकाला कसं वाढायचं साहेब? लाज वाटंल मला," व्यंकटराव म्हणाले.

"मला तर लाज वाटत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून तो कामावरच्या माणसांच्या पंगतीला बसू लागला. पहिले आठ दिवस कठीण गेले. भट्टीवरून लोण्याचा वास आला की तोंडाला पाणी सुटायचं. चौथ्या दिवशी त्यानं न राहवून एक बटर रोटी मागवली आणि खाल्लीही. शनिवारी लुंबिनीला ते सांगितलं. ती म्हणाली, "एकच खाल्ली ना? मोजली ना? मग झालं."

या मोजणीचं वेड पुढं अमरेशला लागलं. एके दुपारी तो वही घेऊन बसलेल्या अश्वजितजवळ आला.

"साहेब, एक इचारू? मी तर जेवतच न्हाई नीट. एक भाकर खातो. मग हे पोट कशाचं?"

"दिवसभर चाखतोस ना?"

"चाखनं म्हंजे काय खानं हाय का? चमचाभर."

"किती चमचे?"

अमरेश हसला, मग हसायचा थांबला. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक युक्ती केली. अमरेश जेवढं चाखेल, तेवढंच आणखी एकदा चमच्यात घेऊन एका पातेल्यात टाकायचं. काजू करीचा चमचा, दालचा चमचा, मीठ बघायला एक, तिखट बघायला एक, क्रीम घातल्यावर पुन्हा एक. तीन वाजता पातेलं काट्यावर ठेवलं. साडेचारशे ग्रॅम. दोन हाफ भाज्यांच्या वर. वर लाल तेल तरंगत होतं.

अमरेशनं पळीनं ते तेल दोनदा हलवून पाहिलं. मग खुर्चीवर बसून त्यानं चप्पल काढली आणि तळपाय दाखवले. "साहेब, वर्षभर झालं, हितं मुंग्या येतेत. मला वाटायचं, भट्टीपुढं उभं राहून होत असंल."

अश्वजितनं त्याला मोटारसायकलवर बसवलं आणि गावातल्या दवाखान्यात नेलं. साखर दोनशे अडुसष्ट निघाली. डॉक्टरांनी पायाला टाचणी टोचून पाहिली, तेव्हा अमरेशला दोन बोटांना काही कळलंच नाही. तो बाहेर येऊन म्हणाला, "तीस वर्षं लोकांला इचारतोय, कसं झालंय. मला कुनी इचारलंच न्हाई."

औषध सुरू झालं. आता तो चमच्याच्या टोकानं चाखायचा आणि थुंकून टाकायचा. त्यात एकदा मीठ चुकलं. लातूरच्या एका कुटुंबानं तीन प्लेटी परत केल्या आणि व्यंकटराव सगळ्यांसमोर ओरडले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच अमरेशला बाजूला बोलावलं. "मीठ बघायला गंगम्माला सांग. तू जित्ता राहा."

ऑगस्टपर्यंत अश्वजितचं वजन सात किलोनं उतरलं. रक्तातला आकडा दोनशेच्या जरा वर आला. यकृत अजून पूर्ण सुधारलेलं नव्हतं. डॉक्टर वर्षाराणी म्हणाल्या की वर्ष जाईल, आणि त्यानंतरही सांभाळावं लागेल. त्यानं मान डोलावली. घाई नव्हती.

श्रावणात व्यंकटरावांनी भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं एक ओळ लिहिली : कमी तेलात भाजी करून मिळेल. पहिला आठवडा कुणी मागितलीच नाही. अमरेश मात्र रोज विचारायचा, "आलं का कुनी?" आपल्यासारखा दुसरा माणूस दिसायला कसा असेल, याची त्याला भारी उत्सुकता होती.

नवव्या दिवशी ऑर्डर आली. कोपऱ्यातल्या टेबलावर एसटीचा एक चालक बसला होता, खाकी शर्ट, पोटावर ताणलेली बटणं. अमरेश कढई सोडून बाहेर आला.

"तुम्हीच मागितली का?"

"हाव. डॉक्टरनं दम दिलाय. पर मामा, चव राहू द्या हां. बेचव खायला मी काय देवळात बसलोय?"

अमरेश आत आला आणि कढईपुढं नुसता उभा राहिला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला काय करायचं ते सुचत नव्हतं.

"लसूण तव्यावर भाज, तेलात न्हाई," गंगम्मा पलीकडून म्हणाली. "टमाटाबी भट्टीत घाल, साल काळी होऊ दे. अन् तीळ कुटून टाक थोडे."

त्यानं तसंच केलं. टोमॅटो भट्टीत तडतडले, त्यांचा खरपूस वास गल्ल्यापर्यंत गेला आणि व्यंकटरावांनी मान वळवून आत पाहिलं. अश्वजित भाकरी खाता खाता थांबला. प्लेट बाहेर गेली. अमरेश पडदा बोटभर बाजूला करून उभा राहिला. चालकानं पहिला घास घेतला, चावला, पुन्हा प्लेटीकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यात काय घातलंय हो?"

"बसा, सांगतो," म्हणून अमरेश हात पुसत त्याच्या टेबलाकडे निघाला.