सहा जणांची गाडी

घरापासून कामापर्यंत थेट जाणारी बस बंद झाली आणि काकांच्या घरात गाडीचा विषय निघाला. अशा बसेस तुमच्याआमच्याकडेही कधीतरी बंद होतातच. थांब्यावर एक कागद चिकटतो, चार दिवस लोक कुरकुरतात आणि पाचव्या दिवशी ज्याला जमतं तो स्वतःचं वाहन बघायला लागतो. काकांनी महिनाभर दोन बस बदलून पाहिल्या. मग गुडघ्यांनी असहकार पुकारला.

काका दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात तीस वर्षं कामाला होते. मेणात एकेक दात बसवायचा, जबडा मिटून बघायचा, पुन्हा उघडायचा, जरा घासायचा. दिवसभर लोकांच्या हसण्याची तजवीज करणारा हा माणूस स्वतः मात्र हसायचं विसरला होता. चौदा महिन्यांपूर्वी त्यांची बायको गेली. तेव्हापासून घरातला रेडिओ सकाळी सुरू व्हायचा तो ते निजेपर्यंत बंद व्हायचा नाही. कामावर ते प्लॅस्टरच्या जबड्यांशी बोलायचे. "आ करा बघू," म्हणायचे. सहकाऱ्यांना वाटायचं, काका मोठे गमतीदार आहेत.

त्यांची एकुलती एक मुलगी दुसऱ्या शहरात होती. नवरा, दोन मुलं, नोकरी, सगळं व्यवस्थित. दर रविवारी सकाळी अकराला तिचा फोन यायचा. "बाबा, कसे आहात?" "मजेत. तू?" "मजेत." मग हवापाणी, मुलांची शाळा, औषधं घेता ना, आणि पाच मिनिटांत फोन खाली. आई गेल्यानंतरचे विधी आटोपून ती परतली ती पुन्हा आलीच नव्हती. काकांनी कधी विषय काढला नाही. मुलीला कशाला कानकोंडं करा, असा त्यांचा विचार. मागे एकदा बोलण्याच्या ओघात ती म्हणाली होती, "तुमच्याकडे यायचं म्हणजे जागोजागी टॅक्सी शोधा, मुलांना घेऊन फार होतं हो." हे एकच वाक्य काकांनी घट्ट धरून ठेवलं. गाडी नाही म्हणून मुलगी येत नाही. गाडी आली की येईल. बस बंद झाली हे निमित्त बरं सापडलं.

कारखान्यात सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं की लहान गाडी घ्या. रोजचं जाणंयेणं सहा किलोमीटरचं, गल्ल्या अरुंद, एकटा जीव, जुनी छोटीशी गाडी स्वस्तात पडेल आणि पेट्रोलही बेताचं पिईल. काकांनी मान डोलावली आणि म्हणाले, "पण सहा जण मावायला हवेत." कोण सहा, हे कुणी विचारलं नाही. माणूस ठाम बोलला की आपण सहसा विचारत नाही.

त्यांनी इमारतीखालची आपली जागा टेपने मोजली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला खांब. मोठी गाडी आत गेली तर चालकाचं दार खांबावर आपटणार होतं. काकांनी त्यावरही तोड काढली. गाडी लावायची, शेजारच्या सीटवर सरकायचं आणि त्या दाराने उतरायचं! साठीला टेकलेल्या, गुडघे धरून जिना चढणाऱ्या माणसाने हे ठरवलं, आणि त्यात त्यांना काहीच वावगं वाटलं नाही.

एका दलालाकडे मनासारखी गाडी सापडली. तीन रांगांची, नऊ वर्षांची, बाहेरून चकचकीत. "मागच्या सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही," दलाल फुशारकीने सांगत होता, "अगदी कोरी." काका हरखून गेले. तरी जुनी गाडी जाणकाराला दाखवल्याशिवाय घेऊ नये एवढं भान त्यांना होतं. ते ती घेऊन ताईंच्या गॅरेजात आले.

ताई म्हणजे पंचेचाळिशीच्या, बाह्या दुमडलेल्या, कमी बोलणाऱ्या. वडिलांचं गॅरेज त्या वीस वर्षं चालवत होत्या. त्यांची एक रीत होती. कुणी जुनी गाडी दाखवायला आणली की त्या आधी बॉनेटला हात लावत नसत. चारही दारं सताड उघडायच्या आणि एकेक सीट तळहाताने दाबून बघायच्या. गाडीचं इंजिन बदलता येतं, पण तिच्यात कोण बसलं आणि कोण नाही हे सीट लपवत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसरी रीत म्हणजे घेणाऱ्याला त्या कधी स्टिअरिंगवर बसू देत नसत. चक्कर मारायला त्या स्वतः चालवायच्या आणि त्याला मागे बसवायच्या.

चालकाची सीट बसकी झालेली होती. बाकीच्या जागा टणक होत्या, जशा कारखान्यातून निघाल्या तशा. ताईंनी त्यावर काही शेरा मारला नाही. खालचा गंज बघितला, टायर बघितले, मग काकांना म्हणाल्या, "घरातलं कुणीतरी शेवटच्या रांगेत बसणार ना? मग तुम्ही तिथेच बसा. कळू दे तुम्हाला, त्यांना कसं वाटणार ते."

काका कसेबसे आत शिरले. गुडघे हनुवटीशी आले. गाडी निघाली तेव्हा प्लॅस्टिक चरचरलं. त्यांच्या पुढे एक रिकामी रांग होती, तिच्यापुढे ताईंच्या शेजारची रिकामी जागा. बाहेर दुकानं उघडलेली, माणसं पिशव्या घेऊन चाललेली, आणि या एवढ्या मोठ्या खोक्यात आपण मागच्या कोपऱ्यात एकटे. काकांना उगाचच घरातली संध्याकाळ आठवली.

ताईंनी आरशातून विचारलं, "एवढी मोठी कशाला हवी काका?"

"सहा जण आहोत."

"कोण कोण?"

"मुलगी, जावई, दोन नातवंडं आणि आम्ही दोघं."

"मग काकूंना आणायचं होतं की. गाडी घेताना त्यांचंही मत घ्यावं."

काकांची नजर शेजारच्या रिकाम्या जागेवर गेली. ताईंनी आरशात पाहिलं आणि गाडी हळूच रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"ती नाहीये," काका म्हणाले. "चौदा महिने झाले." मग म्हणाले, "मी रोज सहाच मोजत होतो. माझ्या लक्षातच आलं नाही."

ताई उतरल्या, मागचं दार उघडून मधल्या रांगेत येऊन बसल्या आणि काकांकडे वळल्या. त्यांनी सांत्वनाचे शब्द शोधले नाहीत. लेक केव्हा येऊन गेली एवढं विचारलं. आईच्या वेळी आली ती शेवटची, असं काकांनी सांगितलं, आणि लगेच तिची बाजू घेतली. सुट्टी मिळत नाही, मुलांच्या परीक्षा, प्रवास लांबचा.

"हे तिनं सांगितलं की तुम्हीच ठरवलंत?" ताईंनी विचारलं.

काका सीटवरचं प्लॅस्टिक नखाने खरवडू लागले.

"राग मानू नका काका. ही गाडी वाईट नाही, पण तुमच्या कामाची नाही. माझ्याकडे महिन्याला अशी एक तरी येते. मागची सीट कोरी असते आणि विकणारा ते मिरवतो. मला वाईट वाटतं. त्यानेही कुणीतरी येईल म्हणूनच घेतली असणार. गाडी घेतली म्हणून कुणी येत नाही हो. बोलावलं तर येतात. तुम्ही बोलावलंत का?"

"नाही," काका म्हणाले. एवढा छोटा शब्द, पण तो उच्चारायला त्यांना चौदा महिने लागले.

गॅरेजात परतल्यावर ताईंनी त्यांना एक लहान करडी गाडी दाखवली. अकरा वर्षांची, मागच्या दाराला पोचा. इंजिन थंड असूनही एका किल्लीत सुरू झाली, चारही टायर सारखे झिजलेले, पायपुसण्याखाली गंज नाही. सगळ्या सीट सारख्याच मऊ पडलेल्या आणि मागच्या सीटच्या खाचेत बिस्किटाचा चुरा. खांबाशेजारी लावली तरी दोन्हीकडची दारं उघडतील एवढी. पाच जण नीट बसतील, ताई म्हणाल्या, आणि किल्ली काकांच्या हातात देऊन कामाला निघून गेल्या.

काका त्या गाडीत बसले आणि तिथूनच त्यांनी मुलीला फोन लावला. शनिवारची दुपार होती. रविवार नसताना फोन आलेला पाहून मुलगी घाबरलीच.

"बाबा? काय झालं?"

"काही नाही." मग त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे, मजेत नाहीये मी. आई गेल्यापासून एकदाही मजेत नव्हतो. घरात फार एकटं वाटतं गं."

पलीकडून मुलगी रडतच बोलू लागली. "आईच्या वेळी निघताना तुम्हीच म्हणालात, मला जरा शांतता हवी, धावपळ करत येऊ नका. मला वाटलं आम्ही आलो की तुम्हाला त्रास होतो. दर रविवारी फोन करताना वाटायचं, आज तरी तुम्ही 'ये' म्हणाल. मग काहीतरी कारण सांगायची, टॅक्सीचं नाहीतर कशाचं."

काकांनी एकच शब्द उच्चारला.

"ये."

पुढच्याच शुक्रवारी चौघं आली. स्टेशनवरून त्या करड्या गाडीतून घरी येताना जावयाच्या मांडीवर बॅग होती, मागे नातवंडं खिडकीवरून भांडत होती आणि मुलगी पुढे काकांच्या शेजारी बसली होती. सगळी अडचणीतच बसली होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तिने गिअरवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला. हिरवा दिवा लागला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी काकांनी हात हलवला नाही. कारण आईला जाऊन इतके दिवस झाले, आणि दोघांनी मिळून तिच्यासाठी रडायचं अजून राहिलंच होतं.

मित्रहो, आपल्या घराघरांतून असे फोन होतात. दोन्हीकडे माणसं एकटी आणि दोन्हीकडून "मजेत". समोरच्याला त्रास नको म्हणून आपण खोटं बोलतो आणि त्यालाच संस्कार समजतो. मग मनातली पोकळी भरायला मोठी गाडी बघतो, मोठं घर बघतो, जास्तीच्या खुर्च्या आणून ठेवतो. येण्याजाण्याची सोय विकत मिळते. आपलं माणूस मात्र मागावं लागतं, आणि मागण्यात कसलाही कमीपणा नाही. तेव्हा पुढचा फोन येईल त्या वेळी "मजेत" म्हणण्याआधी जरा थांबा, आणि जे खरं असेल ते सांगा.