अर्ध्या तासाचा नियम

टेबलावरची ती सुरुंगाची वात – वीतभर, काळपट, एका टोकाला जळून मध्येच विझलेली – ओव्हरसीअरांनी पुन्हा बोटांत धरली. ओल धरलेली. म्हणजे तो पाचवा सुरुंग उडणारच नव्हता... पण त्या दिवशी उंबरमाळीच्या खाणीत, पाचांपैकी चारच सुरुंग उडालेले आणि आडोशाला पोहोचायला उशीर झालेला मजूर नथू दरडीखाली अडकून हाका मारीत असताना, हे कोणाला कळणार होते? न उडालेल्या सुरुंगाजवळ अर्धा तास जायचे नाही, हा नियम ते कॉलेजात शिकले होते, पुढे कैक मजुरांना त्यांनी शिकवला होता, आणि तो बरोबर होता. आजही बरोबर आहे.

नथूचा धाकटा भाऊ जाणू धावला, तेव्हा त्यांनी त्याचा दंड धरला. पण त्याही आधी – हे कुठल्या अहवालात नाही – त्यांचाच पाय पुढे पडला होता. विचाराच्या आधी. माणसाची दया कळपाने राहणाऱ्या प्राण्यांकडून आली, बुद्धी मागाहून, असे तरुणपणी वाचताना किती स्वच्छ वाटले होते... आणि समोर धुरात, सुरुंगांच्या आवाजाने पळालेल्या वानरांतली एक म्हातारी वानरी मागे राहिलेल्या पिल्लासाठी परत फिरली. त्याला उराशी घेऊन गेली. ओव्हरसीअर घड्याळ पाहत राहिले. एकोणिसाव्या मिनिटाला हाका थांबल्या.

“वानरीला घड्याळ नाय, सायब,” जाणू तेव्हा एवढेच बोलला होता.

आज दुपारी नथूची बायको राही शेणवे गावाहून चालत आली, तेव्हा वात हातातच घेऊन ते दारात आले. कचेरीच्या पायरीवर बसून, खाणीवर खडी फोडायचे काम मिळेल का, असे तिने विचारले. त्यांनी हो म्हटले. मग पदराचे टोक पिळत ती म्हणाली,

“तुमी जाणूला धरलात, बरा केलात. दोघंय गेलं असतं, तर म्हाताऱ्या सासूला कोण व्हता?”

वात त्यांनी मुठीत झाकली. वात ओली होती, नथू वाचला असता, हे सांगावे, तर तिच्याजवळ उरलेले एवढे समाधानही जाईल. न सांगावे, तर तिच्या या शब्दांवर आपण फुकट जगू... दोन्ही बाजू त्यांनी सवयीप्रमाणे नीट मांडून पाहिल्या.

राही उठली. पायरीवर तिचा तोल गेला, आणि त्यांचा हात पुढे झाला – विचाराच्या आधी. ती आपली आपण सावरली होती. हात मात्र तसाच, उघडा. आणि वात दोघांच्या मध्ये पडलेली.

राहीने ती उचलली, उलटसुलट पाहिली.

“ही कंची वात, सायब?”

भिंतीवरचे घड्याळ चालू होते. सांगायला तोंड उघडताना, या वेळी आपण त्याची मिनिटे मोजत नाही आहोत, एवढेच त्यांना कळत होते.