राणीची नव्हे, प्रभावतीची फणी

मित्रांनो, सगळ्यांत आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. मी कुठल्याही राणीची फणी नाही. मी कधी राजवाडा पाहिला नाही, आणि कुठल्या दासीने मला चांदीच्या तबकात ठेवले नाही. तरीही जालन्यातल्या एका बंगल्यात, काचेच्या कपाटात, माझ्यापुढे एक चिठ्ठी उभी होती : 'राजघराण्यातील फणी. सुमारे दोनशे वर्षांपूर्वीची. कारागीर अज्ञात.' ती आठवली की आजही माझे दात शिवशिवतात.

माझे वय दोनशे नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी जन्मले. हसनाबादचा भिवा तेव्हा तलावाच्या कामावर माती वाहत होता. नवे लग्न झालेली त्याची बायको प्रभावती त्याच्या शेजारी पाटी उचलत असे. दिवसभर उडणारी माती तिच्या लांब केसांत बसायची, आणि घरात धड फणी नव्हती. सुताराच्या दारात शिसवी लाकडाचा एक तुकडा पडला होता, तो भिवाने मागून आणला. दुपारच्या सुट्टीत बाकीचे लोक बाभळीखाली आडवे व्हायचे, तेव्हा हा माणूस लोखंड कापायच्या पात्याच्या तुकड्याने माझे एकेक दात पाडत बसायचा. घाई केली की दात मोडतो, म्हणून तो श्वास रोखून काम करी. दोन्ही बाजूंचे दात झाले, तेव्हा मधल्या पट्टीवर त्याने धार लावलेल्या खिळ्याने नक्षी काढली. दोन होले पक्षी समोरासमोर बसलेले, आणि त्यांच्या मध्ये पिंपळाचे पान. होले त्याच्या डोळ्यांपुढे रोज बसत. पान त्याच्या मनातले होते. त्याच्या बापाने छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून त्या घरात पिंपळाच्या पानाला मान होता.

भिवा कधी शाळेत गेला नव्हता. चित्रकला त्याला कुणी शिकवली नव्हती. पण त्या होल्यांच्या मानेवरचे ठिपकेसुद्धा त्याने सोडले नाहीत.

प्रभावतीने मला सदतीस वर्षे रोज हातात धरले, भिवा गेला त्या सालापर्यंत. मी तिचे काळे केस विंचरले, मग करडे, मग पांढरे. तिच्या मुलाच्या, राजानंदच्या डोक्यातल्या उवा काढल्या. त्यानेच लहानपणी पाटीवरची ओली माती खरवडायला मला वापरले आणि माझे तीन दात मोडले. आईच्या हातचा मारही खाल्ला. भिवा गेल्यावर प्रभावतीने मला लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले आणि पौर्णिमेला तेवढी बाहेर काढू लागली. राजानंद मास्तर झाला, घराला स्लॅब पडला, बाजारातून रंगीत कंगवे आले. घरात माझी आठवण तिच्याखेरीज कुणाला राहिली नाही. हेही मी लपवत नाही.

साडेचार वर्षांपूर्वी एक मोठी गाडी दाराशी थांबली. आत होते सोमेश्वरराव, जालन्यातल्या बियाणे कारखान्याचे मालक. पिढीजात जमीनदार घराणे, शिकलेला माणूस, बोलणे मऊ. त्यांना जुन्या कोरीव वस्तू जमवायचा नाद होता. कुणीतरी त्यांना माझ्याबद्दल सांगितले होते. त्यांनी मला तळहातावर घेतले आणि उजेडाकडे धरून उलटसुलट करून पाहिले. खरे सांगते, मित्रांनो, तेव्हा मला बरे वाटले. भिवा गेल्यानंतर इतक्या बारकाईने मला कुणी पाहिले नव्हते. त्यांनी प्रभावतीला सगळे विचारले, भिवाचे नाव वहीत लिहून घेतले, आणि म्हणाले की बंगल्यावर प्रदर्शन आहे, तेवढ्यापुरती द्या, आठ दिवसांनी मी स्वतः आणून देतो. प्रभावतीने मला पुसून त्यांच्या हातात दिले. त्यांच्या ड्रायव्हरला, तातेरावला, तिने कपभर चहाही दिला.

त्या आठ दिवसांची मी अजून वाट पाहत बसले असते.

बंगल्यातला तो हॉल मोठा थंड होता. माझ्या एका बाजूला चीनहून आलेला हिरव्या दगडाचा बेडूक, दुसऱ्या बाजूला जपानी माणसे पूर्वी कमरेच्या दोरीला अडकवत तसला हस्तिदंती उंदीर, खालच्या फळीवर ब्रह्मदेशातले लाखेचे डबे आणि जयपूरचे अडकित्ते. इतके सुंदर शेजारी मला कधी मिळाले नव्हते. त्या उंदराच्या मिशीचा एकेक केस कोरलेला होता. कुणीतरी त्याच्यासाठी भिवासारखाच श्वास रोखला असणार. पण ज्याच्या-त्याच्या चिठ्ठीवर तेच लिहिलेले : कारागीर अज्ञात. उंदराचा कारागीर समुद्रापलीकडचा, त्याचे नाव सापडले नसेल. माझा तर हसनाबादचा होता. सुरुवातीला माझ्या चिठ्ठीवर भिवाचे नाव होते, हे मी कबूल करते.

मग पुण्याहून एक पाहुणे आले. मला पाहून ते म्हणाले की एवढे नाजूक काम राजघराण्यातलेच असणार. सोमेश्वररावांनी वाक्य दुरुस्त केले नाही. नुसते हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी चिठ्ठी बदलली होती.

त्यांच्या वहीत भिवाचे नाव होते, मित्रांनो. ज्याचे नाव माहीत आहे त्याला अज्ञात म्हणणे, ही चूक नव्हे, ही चोरी आहे. मातीची पाटी उचलणाऱ्या माणसाच्या हातून अशी वस्तू होऊ शकते, हे सांगायची त्यांना लाज वाटली की काय, मला कळले नाही. पुढे त्यांनी एका कारागिराकडून माझ्या तीन मोडक्या जागी माझ्याच लाकडाचे, ओळखू न येणारे नवे दात बसवून घेतले. राणीच्या फणीचे दात मोडके कसे चालतील?

इकडे प्रभावती दोनदा एसटीने जालन्याला आली. दोन्ही वेळा साहेब बाहेरगावी आहेत असे फाटकावर सांगण्यात आले. दुसऱ्या वेळी तिचा आवाज मी खिडकीतून ऐकला. मला हाक मारता येत नाही, हे दुःख तेव्हा मला पहिल्यांदा कळले. राजानंदने आईची समजूत घातली की मोठ्या लोकांच्या नादी लागू नये, आणि राजूरच्या दुकानातून तिला प्लॅस्टिकची फणी आणून दिली. ती तिने वापरली नाही.

राजानंदची मुलगी पायल जालन्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. गेल्या हिवाळ्यात ती पोरांना घेऊन हा संग्रह दाखवायला आली. पोरे बेडकापाशी गर्दी करून होती. पायल माझ्यासमोर थांबली. लहानपणी आजीच्या मांडीवर बसून तिने या होल्यांवर कितीदा बोट फिरवले होते. तिने चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली, आणि माझा फोटो काढला.

पुढच्या रविवारी सकाळी प्रभावती, राजानंद आणि पायल तिघेही आले. या वेळी फाटक तातेरावने उघडले. सोमेश्वररावांनी त्यांना बसवले, चहा मागवला, चौकशी केली. प्रभावतीने चहाला हात लावला नाही. तिने फणी मागितली. सोमेश्वरराव अगदी शांतपणे म्हणाले, "आजी, अशा फण्या गावोगाव सापडतात. तुमची मी परत पाठवली असेल. ही तीच कशावरून?"

पायलने होल्यांबद्दल सांगितले, पानाबद्दल सांगितले. ते म्हणाले की ही नक्षी जुनीच आहे, पुष्कळ ठिकाणी दिसते. मोडक्या दातांची खूण तर आता उरलीच नव्हती. राजानंद फरशीकडे बघत होता. मला वाटले, संपले.

तेव्हा दाराशी उभा असलेला तातेराव पुढे आला. अकरा वर्षे त्याने त्या घरची गाडी चालवली होती.

"साहेब, त्या दिवशी गाडी मी चालवून राह्यलो होतो," तो म्हणाला. "आठ दिवसांची बोली झाल्ती. हीच फणी हाय. नवे दात बसवायला मीच घेऊन गेल्तो, अन् मंग मीच वापस आणली."

सोमेश्वररावांचा चेहरा पडला. त्यांनी किल्ली काढून कपाट उघडले, पण तोंडाने हरले नाहीत. म्हणाले, "तुमच्या घरात हिला वाळवी लागली असती. मी तेल दिलं, जपली."

"जपली हे खरं हाय," प्रभावती म्हणाली. "पण शेजारणीनं लेकरू सांभाळलं म्हणून ते तिचं होतं का?"

तिने मला हातात घेतले. नव्या दातांवरून अंगठा फिरवला आणि नाक मुरडले. मला वाटले आता ती उठेल. पण ती उठली नाही. तिने पायलला ती चिठ्ठी मोठ्याने वाचायला लावली आणि ऐकून झाल्यावर सोमेश्वररावांना म्हणाली, "फणी मी नेणार. ही जागा तशीच मोकळी राहू द्या, अन् चिठ्ठी तुमच्या हातानं नवी लिहा. मी सांगते तसं."

त्यांनी लिहिले. त्यांचे अक्षर सुंदर आहे.

तातेरावची नोकरी महिनाभरात गेली. कारण दुसरेच सांगितले. आता तो एमआयडीसीतल्या कामगारांना टेम्पोने ने-आण करतो, आणि हसनाबादकडे आला की प्रभावतीकडे चहा घेतल्याशिवाय जात नाही. मला पुन्हा पेटीत ठेवलेले नाही. तिचे केस आता मूठभर राहिलेत, तरी रोज सकाळी ती मला हातात घेते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जमवा. पुसा, तेल लावा, वाळवीपासून वाचवा. पण वस्तू हातात घेतली की आधी विचारा, ही कुणी केली, कुणासाठी केली. उत्तर मिळाले तर ते लिहा, आणि परत देईन म्हणून आणली असेल तर परत द्या. विचारलेच नाही, तर सगळेच कारागीर अज्ञात राहतील.

पायल सांगते, त्या बंगल्यातल्या कपाटात बेडूक आणि उंदीर यांच्यामध्ये एक जागा रिकामी आहे. तिथे फक्त एक चिठ्ठी उभी आहे : 'शिसवी फणी. करणार भिवा, राहणार हसनाबाद. आपल्या बायकोसाठी केली. फणी इथे नाही, घरी वापरात आहे.'