माझ्या कुशीतला पोचा

मी पेला बोलतोय. बोलतोय कसला, बोलायला लावलंय. फळीवरचे काचेचे कप सकाळपासून मागे लागलेत, "सांगा ना आजोबा, तुमची कूस अशी का चेपली?" दोन दिवसांची ही पोरं, यांना माझी कूस कशाला हवी? पण सांगितल्याशिवाय त्यांची किणकिण थांबायची नाही. एकदाच सांगतो. मधे कुणी वाजू नका.

मी अ‍ॅल्युमिनियमचा. कारखान्यातून निघालो तेव्हा चांगला गुळगुळीत होतो. म्हातारी तेव्हा नवी सून होती. तिनं मला घरी आणलं आणि आठवड्याच्या आत ओट्यावरून पाडलं. खाली गॅसचा सिलिंडर. कुशीत हा एवढा पोचा. म्हातारी हळहळली वगैरे नाही. तिचा अंगठा त्या पोच्यात नीट बसला, म्हणून तिनं मलाच माप केलं.

तिची स्वयंपाकाची एक वही होती. त्यात तांदूळ पिशवीनं, अंडी मोजून आणि पाणी-दूध माझ्यानं. किलोच्या पिशवीला आठ पेले पाणी. बारा अंड्यांना सहा पेले दूध, की झालं पुडिंग. रोजचं जेवण असो की वीस पाहुणे, वही उघडायची आणि मला भरायचं. मला लिहिता-वाचता येत नाही, पण त्या वहीतला प्रत्येक पेला म्हणजे मी. पोच्यासकट मी.

पुढं म्हातारीची नजर गेली आणि वही धाकट्या सुनेकडं आली. हात गोड, तोंड तिखट. पंधरा वर्षं तिनं दुसऱ्यांच्या कँटीनमध्ये भाज्या चिरल्या. मग नर्सिंगच्या हॉस्टेलला मेस चालवणारं माणूस हवंय असं कळलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, रविवारी दुपारी एक वाजता तिघी जेवायला येतो, मग बघू.

"आई, हे हुकलं तर मी म्हातारी होईपर्यंत दुसऱ्याचेच कांदे चिरणार," ती म्हणाली. गमतीत नव्हती म्हणाली.

आता थोरला. म्हातारीचा मोठा मुलगा. याचं गाड्यांचे पोचे काढायचं गॅरेज. पोचा दिसला की याच्या बोटांना खाज सुटते. शनिवारी संध्याकाळी घरी आला, मला उचललं, म्हणाला, "पाहुण्यांपुढं हे असलं भांडं?" आणि मला विचारलंही नाही. आतून लाकडाचा ठोकळा लावून त्यावर हातोडी. टक टक टक. अर्ध्या तासात मला गुळगुळीत करून, घासून, परत जागेवर ठेवलं. कुणाला सांगितलंही नाही. सकाळी आपोआप कौतुक होईल म्हणे.

रविवारी सुनेनं मला उचललं. "अगंबाई, चकाचक झालाय की!" एवढंच. तिचं लक्ष घड्याळाकडं.

बारा अंड्यांत माझे सहा पेले दूध पडलं, किलोभर तांदळात आठ पेले पाणी. मी ओरडत होतो, बाई, मी आता जास्त धरतोय! अ‍ॅल्युमिनियमचं कोण ऐकतं?

अकरा वाजता झाकण उघडलं. भाताचा गोळा.

"तांदूळच खराब असणार," ती म्हणाली. थोरला दुसरी पिशवी आणायला पळाला. तेवढ्यात तिनं पुडिंगचा डबा उघडला. दोनदा वाफवलं होतं. सुरी घातली तर आत दूध हिंदकळलं. सुनेनं सुरी ताटात टाकली.

"माझा हातच गेला, आई. मॅडमना फोन करते, येऊ नका म्हणून."

"थांब. आधी पाणी दे मला."

तिनं मलाच भरून दिलं. म्हातारीनं मला धरलं, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"हा पेला कुणाचा?"

"आपलाच की."

"माझा अंगठा कुठं गेला मग?"

थोरला पिशवी घेऊन दारात उभा. "मी सरळ केलाय, आई. छान झालाय ना?"

सुनेनं वही उघडली, माझ्याकडं बघितलं, मग दिराकडं. साडेअकरा झाले होते.

"भाऊजी, हातोडी आणा."

"अगं, पण मेहनत घेऊन..."

"आणा म्हटलं ना!"

सुनेनं मला आडवं धरलं, हातोडी थोरल्याच्या हातात. म्हातारीनं जागा दाखवली. "इथं. जरा वर. हं, मार." पहिल्या ठोक्याला माझ्या कानठळ्या बसल्या. "उथळ आहे रे, अजून." दुसरा. तिसरा. मग म्हातारीचा अंगठा आत गेला आणि बसला. "पुरे."

अंडी सहाच उरली होती. तीन पेले दूध, छोट्या वाट्यांमध्ये. भात नवा. एकला पाच मिनिटं असताना घंटा वाजली.

मॅडम कमी बोलणाऱ्या. त्यांनी भात दुसऱ्यांदा घेतला. पुडिंगची वाटी खरवडून रिकामी केली, आणि विचारलं, "एकतारखेपासून जमेल?"

सून मोरीत जाऊन रडली. मी तिथंच पालथा होतो, म्हणून मला माहीत.

मेसमध्ये लिटरची मापं असतात. जायच्या आदल्या दिवशी तिनं मला भरून भरून मोजलं आणि वहीतला प्रत्येक 'पेला' खोडून मिली लिहिलं. बरोबरच केलं तिनं. दोनशे पोरींचा भात माझ्यानं कोण मोजणार? तेव्हापासून मी रिकामा. म्हातारी पाणी पिते तेवढंच माझं काम.

जाताना सुनेनं मला पदरानं पुसलं आणि म्हणाली, "तुझ्यावर नाही हो राग काढला." तिचं माझं मिटलं. थोरल्यानं आईची माफी मागितली, भावजयीची मागितली, फुकट गेलेल्या तांदळाबद्दलसुद्धा मागितली. रोज जेवायला बसतो, माझ्याकडं बघतो आणि मान फिरवतो.

मी काही फार मागत नाही. एकदा हातात घेऊन "चुकलं" म्हणावं, एवढंच. बाकी सगळ्यांचा हिशेब मिटलाय. राहिलाय तो एकच, गॅरेजवाला थोरला.