गाडी आपटत का नाही

स्लेजगाडी गुळगुळीत चालली होती, आणि सावानेला तेच खटकलं.

दुपारचीच वेळ, पण वादळ असं सुटलेलं की पुढच्या रेनडिअरचं शेपूटही दिसेना. पार उत्तरेकडच्या, बर्फाने झाकलेल्या यमालच्या त्या उघड्या माळावर ना झाड, ना खूण. वस्तीवरून पीठ आणि चहा घेऊन ती दोघं तंबूकडे परतत होती. पुढे लापाकाका, एका हातात लगाम, दुसऱ्यात लांब काठी. मागे पोत्यांना टेकून सतरा वर्षांची सावाने. शाळा सोडून दोन वर्षं झाली तरी काका तिला मास्तरीणबाईच म्हणायचा.

"काका, थांब. चुकलोय आपण."

"मास्तरीणबाई, वारा डाव्या गालावर घ्यायचा नि सरळ सुटायचं. चाळीस वर्षं असाच घरी जातोय मी."

"आणि वाराच फिरला असेल तर?"

"वारा नाही फिरत. पोरींची डोकी फिरतात."

तिचं टाळकंच सटकलं. तिने मागून हात घातला आणि लगाम खस्सकन ओढला. जनावरं थांबली.

काका गर्रकन वळला. "दुसऱ्याच्या लगामाला हात? तुझ्या आज्यानं बोटं छाटली असती!"

"तू छाट. पण आधी खाली उतर."

ती गुडघ्यांवर बसली, भुसभुशीत बर्फ दोन्ही हातांनी उपसला. खाली जुना बर्फ लागला. थंडीभर एकाच वाऱ्याने घडवलेल्या, बरगड्यांसारख्या टणक ओळी.

"घरी जाताना ह्या आडव्या येतात. गाडी धाडधाड आपटते, माझी हाडं खिळखिळी होतात. आत्ता आपटली का एकदा तरी? ओळी धरून चाललोय आपण. वारा फिरला, आणि त्याच्यामागे तू फिरलास. पुढे खाडीचा बर्फ आहे, काका. ना तंबू, ना सरपण. उद्या सकाळी मासळीसारखे ताठ!"

काकाने खाली उतरून हातमोजा काढला. उघडा तळवा त्या ओळींवरून फिरवला. एकदा, मग परत. भुवयांवर साचलेला बर्फ झटकला. मग उठला आणि काठी तिच्यापुढे धरली.

"हाक."

"मी?"

"माझ्या गालाला कळलं नाही ते तुझ्या ढुंगणाला कळलं. हाक गुमान."

तिने पुढचा नर वळवला. धाड! दात दातांवर आदळले. परत धाड! मार खाऊन एवढं बरं कधी कुणाला वाटलं नसेल. आपटणं जरा कमी झालं की ती लगाम ओढून गाडी पुन्हा आडवी घ्यायची.

"बोटं हलवत राहा!" मागून काका ओरडला. थोड्या वेळाने परत ओरडला. मग गप्पच झाला.

तिने वळून पाहिलं. टोपडं नाकापर्यंत ओढून, हात बाह्यांतून आत घेऊन काका चक्क घोरत होता. दुसऱ्याच्या हातात लगाम असताना त्याचा डोळा लागलेला तिने जन्मात पाहिला नव्हता.

ती ताठ बसली. इतकी ताठ, की वारा थेट छातीवर आला. येऊ दे म्हणाली.

कुत्री भुंकली तरी तिने काकाला उठवलं नाही. गाडी तंबूच्या दारापाशी नेऊन उभी केली. काकू धावत बाहेर आली आणि मागे पाहून किंचाळलीच, "अगं बाई, गेला का हा?"

"झोपलाय," सावाने म्हणाली. "हळू बोल."