चादरीखालचा सौदा

चाकणच्या बैलबाजारात त्या काळी भाव तोंडाने बोलायची रीत नव्हती. विकणाऱ्याचा दलाल आणि घेणाऱ्याचा दलाल समोरासमोर उकिडवे बसत, हातांवर उपरणं टाकत आणि सगळी घासाघीस उपरण्याखाली बोटांनी होई. एक बोट दाबलं की अमुक, चार बोटं धरली की तमुक, अख्खा पंजा आवळला की त्याहून वर. भोवती माणसांचं कडं पडलेलं असे, पण आत काय चाललंय याचा पत्ता कुणाला लागत नसे. या कामात मालोजी कड म्हणजे अव्वल माणूस. समोरच्याने कितीही हलकट भाव लावला तरी मालोजींची पापणी लवायची नाही.

हे झालं बाजारातलं. घरी याच माणसाच्या डोळ्याजवळ कुणी बोट नेलं, तर तो पापण्या अशा गच्च मिटून घेई की घराचं कुलूप परवडलं. डोळे आले की औषध घालायला कौशल्याबाईंना दोन गडी बोलवावे लागत, एक डोकं धरायला आणि एक पाय. औषध सगळं मिशीत जाई आणि मालोजी ओरडून विचारत, "गेलं का डोळ्यात?"

अशा माणसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी लांबची गुरं धूसर झाली, मग जवळची, आणि शेवटी समोरचा माणूस म्हणजे नुसता पांढरा पटका उरला. बोटं शाबूत होती, पण ज्याला बैलाचं वशिंड दिसत नाही त्याच्यावर जनावराच्या बाबतीत भरवसा कोण ठेवणार? गिऱ्हाइकं एकेक करून हिंदुराव शेवकऱ्यांकडे वळली आणि मालोजी घरी बसले. दलालाने घरी बसणं घरच्यांना फार जड जातं. आमटीत मीठ किती पडावं यावरही ते कौशल्याबाईंशी घासाघीस करू लागले.

हिंदुराव म्हणजे मालोजींचे जुने दोस्त आणि नवे वैरी. काही वर्षांमागे मालोजी भर बाजारात एक बैल विकत होते, तेव्हा हिंदुराव कडं भेदून पुढे आले आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "खूर बघून घ्या, भेग हाय." भेग होती हे खरं. पण खरं असलं म्हणून काय झालं, दोस्ताने ते बोलायचं असतं का? मालोजींनी तिथंच सांगून टाकलं, "तुझं तोंड पुन्यांदा बघायचो न्हाई." त्यानंतर त्यांचे डोळे गेले. गाव म्हणे, मालोजींची शपथ डोळ्यांनी जरा जास्तच मनावर घेतली.

अबोला कडक होता, पण धंदा काही अबोल्यासाठी थांबत नाही. डोळे होते तोवर उपरण्याखाली दोघांचे हात भेटत राहिले. तोंडी काही सांगायची वेळ आली तर तिसऱ्याला मध्ये घालत आणि 'सांगा याला' अशी सुरुवात करत.

आता मालोजींच्या गोठ्यात एकच जनावर उरलं होतं, हौशा. पांढरा खिल्लार बैल. मालोजी रोज त्याच्या गळ्याच्या पोळीवरून हात फिरवत आणि आल्यागेल्याला ऐकवत, "असा बैल पंचक्रोशीत न्हाई. हिंदुराव जीव टाकतो याच्यावर, पर मी काय इकायचो न्हाई." आलेगेले 'व्हय व्हय' म्हणत आणि पावसापाण्याचं बोलू लागत.

त्या हिवाळ्यात गावच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. पुण्याहून डॉक्टर लिमये आले, विमलबाई नावाच्या नर्स आल्या आणि सामानाच्या ट्रंका आल्या. पिंपरीला पेनिसिलिनचा कारखाना नुकताच निघाला होता आणि कौशल्याबाईंचा भाचा तिथे कामाला होता, त्यामुळे औषधपाण्याच्या बाबतीत त्या स्वतःला निम्म्या डॉक्टर समजत. त्यांनी नवऱ्याला हाताला धरून नेलं आणि रांगेत उभं केलं.

"डोळा काडून गालावर ठिवत्यात म्हनं," मालोजींनी डॉक्टरांना पहिलाच प्रश्न टाकला.

"गालावर जागा कुठं आहे? मिशा आहेत तुमच्या," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मालोजींच्या तळहातावर एक वस्तू ठेवली. "हे बोटांनी बघा."

बारीक तारेचा चाप होता तो. बायकांच्या केसातल्या आकड्यासारखा वाकवलेला, दोन टोकांना छोटे वळसे. दाबला की मिटायचा, सोडला की फाकायचा. डॉक्टर म्हणाले, "एक वळसा वरच्या पापणीखाली, एक खालच्या. मग पापण्या मिटत नाहीत."

"मंग काळजी मिटली," कौशल्याबाई म्हणाल्या.

"नाही बाई, काळजी यांच्या जोराची आहे. पापणी चाप धरेल, पण जोर कोण धरणार? मी भुलीची सुई देतो, तरी तो सगळा जात नाही. डोळ्याला चीर दिलेली असताना यांनी आतून आवळलं, तर डोळ्यातला ऐवज बाहेर येईल. मग तो डोळा कायमचा गेला."

आधी नुसता चाप लावून बघायचं ठरलं. डोळ्यात थेंब टाकून डॉक्टरांनी तो बसवला मात्र, मालोजींनी असा काही जोर केला की चाप टिंगकन उडून एनॅमलच्या ताटात पडला. दुसऱ्या खेपेला तो विमलबाईंच्या पायाशी सापडला. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांच्या चष्म्यावर आपटला. डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी यांना टेबलावर घेणार नाही. आज उजेड-अंधार तरी कळतोय, तेवढा राहू द्या."

मालोजी बाहेर येऊन शाळेच्या पायरीवर बसले आणि त्यांना रडू आलं. बाकी कामाचे उरले नव्हते तरी रडण्यापुरते डोळे चालत होते. आता मरेपर्यंत पांढरे पटकेच बघायचे. आणि सगळ्यात राग आला तो स्वतःच्या पापण्यांचा.

कौशल्याबाई मात्र आतच थांबल्या होत्या. "दाक्तरसाहेब," त्या म्हणाल्या, "बाजारात ह्यांच्या डोळ्यावर माशी बसली तरी पापनी हलत न्हाई. हात फडक्याखाली पायजे आन् सौदा चालू पायजे."

डॉक्टर हसले. मग हसायचे थांबले आणि चापाकडे बघत राहिले. "चादरीखाली कुणीतरी हात धरायचाच असतो," ते म्हणाले. "उद्या ऑपरेशनांचा शेवटचा दिवस आहे. आणा कुणाला तरी. पण आधी चाप लावून बघीन. उडाला, तर सरळ घरी."

"सौदा खरा लागंल," कौशल्याबाई म्हणाल्या. "खोट्याला ह्ये फसायचे न्हाईत." आणि नवऱ्याला घरी पोचवून त्या कुठेतरी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मालोजींना टेबलावर आडवं केलं. अंगावर चादर आली, तोंडावर डोळ्यापुरतं भोक असलेलं कापड आलं. थेंब पडले, सुई टोचली. मालोजींचे हात गार पडले होते आणि पापण्या आवळायला शिवशिवत होत्या. तेवढ्यात चादरीखाली एक हात शिरला आणि त्यांच्या हातात आला.

त्या हाताच्या करंगळीला शेवटचं पेर नव्हतं. कडबा कापताना ते कुणी गमावलं होतं, हे मालोजींना चांगलं ठाऊक होतं.

"बाई, सांगा याला," तोंडाला बांधलेल्या फडक्यातून हिंदुरावांचा आवाज आला. "हौशाचं बोलनं हाय. थट्टा न्हाई. जमलं तर दावं घेऊन जानार."

"ते म्हणतात, हौशाचं..." विमलबाईंनी सुरुवात केली.

"मला ऐकू येतंय की!"

"बोलायचं नाही!" डॉक्टर ओरडले.

हात झटकून टाकावा असं मालोजींना वाटलं. पण हिंदुरावांनी तोवर दोन बोटं दाबली होती. दोन! हौशाला! दोन बोटांत तर शिंग मोडलेली म्हैससुद्धा कोणी देणार नाही. मालोजींच्या अंगाची लाही झाली. पण उपरण्याखालचा राग चेहऱ्यापर्यंत जाऊ द्यायचा नाही ही उभ्या जन्माची सवय. चेहरा थंड पडला, कपाळ सैल झालं. चाप पापण्यांत गेला आणि तिथंच राहिला. डॉक्टरांनी जरा वाट बघितली. काही उडालं नाही.

"चाकू," ते हळूच विमलबाईंना म्हणाले.

मालोजींनी अख्खा पंजा आवळून उत्तर दिलं. हिंदुराव तीनवर आले. मालोजींनी पंजा ढिला केला नाही. हिंदुराव फार वेळ घेऊन चारवर आले. डोळ्यावर कुठेतरी काहीतरी दाबल्यासारखं वाटत होतं, पण चारवर आलेला माणूस पाचवर यायला किती वेळ लावतो, याच्यापुढे त्या दाबाची काय किंमत? मालोजींनी अंगठ्याने हिंदुरावांच्या मनगटाला टोचलं. चला, आटपा.

"आता अगदी स्थिर," डॉक्टर म्हणाले. त्यांचा श्वास मालोजींच्या कपाळाला लागत होता.

नेमक्या त्याच घडीला हिंदुराव चारवरून परत तीनवर उतरले. सौद्यात पुढे आलेला माणूस मागे जातो? ही असली नीच चाल मालोजींनी सबंध आयुष्यात पाहिली नव्हती. ते इतके थक्क झाले, इतके थक्क झाले, की मोतीबिंदू कधी बाहेर आला ते त्यांना कळलंच नाही.

"निघाला," डॉक्टर म्हणाले. "सुरेख निघाला. आता टाके."

आता मालोजी चिडलेच. त्यांनी पंजा आवळला आणि वर आणखी दोन बोटं दाबली. ऐन उमेदीतल्या, शर्यत मारून आलेल्या बैलाचा भाव होता तो. तो कळताच हिंदुराव हात सोडून चालते होणार, याची त्यांना खात्री होती. पण हिंदुरावांचा हात सुटला नाही. मग त्याने मालोजींचा तळवा पुरा कवेत घेतला आणि घट्ट दाबला. कबूल.

चाप निघाला. पापणी मिटली. वर कापसाची घडी, त्यावर भोकाभोकांची पत्र्याची वाटी आणि दोन्ही डोळ्यांवरून पट्टी बसली. मालोजी खाडकन भानावर आले. "अगं," ते दाराशी उभ्या कौशल्याबाईंना कण्हत म्हणाले, "मी हौशा इकला!"

पुढचे दिवस उताणं पडून काढायचे होते. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं तर नाहीच. डोळ्यावर चहाची गाळणी बांधून घेतल्यासारखं त्यांना वाटत होतं. पण डोळ्याची चिंता त्यांनी डॉक्टरांवर सोडली आणि स्वतः हौशाची करत बसले.

"मंग नका देऊ," कौशल्याबाई म्हणाल्या. "शाळंतल्या सौद्याला कोन धरून बसतंय?"

"फडक्याखाली शब्द दिलाय. पट्टी सुटंल त्या दिशी हौशाला हितं घेऊन ये. दावं माझ्या हातानं देनार."

कौशल्याबाई तांब्या भरायचं निमित्त करून उठल्या. बैलावर तिचाही जीव आहे, असं मालोजींनी मनात म्हटलं.

हिंदुराव रोज येऊन पायथ्याशी बसत. "बाई, इचारा याला, ठनकतंय का?"

"बाई, सांगा त्याला, न्हाई."

"मी नर्स आहे," विमलबाई वैतागून म्हणाल्या, "तारमास्तर नाही."

पट्टी सुटायच्या दिवशी शाळेच्या अंगणात हौशाच्या घुंगरांचा आवाज आला. डॉक्टरांनी पत्र्याची वाटी काढली, कापूस काढला आणि मालोजींच्या डोळ्यासमोर एक जाडजूड भिंग धरलं. "किती बोटं?"

"तीन," मालोजी म्हणाले. "पर भाव कशाचा चाललाय?"

सगळे हसले. मालोजींनी भिंग स्वतःच्या हातात घेतलं. त्यांना विमलबाईंच्या टोपीवरची घडी दिसली, फळ्यावर पुसायचं राहिलेलं गणित दिसलं. कौशल्याबाईंचे केस पांढरे झालेले दिसले आणि ते कधी झाले हे विचारायची त्यांना लाज वाटली. मग कौशल्याबाईंच्या खांद्यावर हात ठेवून ते पायरी उतरून अंगणात आले. हौशा उन्हात उभा होता, तोच पांढरा रंग, तीच शिंगं. त्यांनी दावं हातात घेतलं, हौशाला हाक मारली आणि हौशाने तोंड वळवलं.

त्याच्या उजव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं. सबंध बुबुळ झाकणारं, चुन्यासारखं पांढरं. असा बैल बाजारात उभा केला तर गिऱ्हाईक त्याच्या दाव्याला हातसुद्धा लावत नाही.

"बाभळीचा काटा लागला," कौशल्याबाई खाली बघत म्हणाल्या. "तुमचं डोळं गेलं त्याच साली. कुनाचंच धाडस झालं न्हाई सांगायचं."

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला माहीत होतं, आणि त्यांच्यापुढे ते रोज मिशीला पीळ देत होते. मालोजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग दुसरी गोष्ट ध्यानात आली. ज्याने खुराची भेग लांबून हेरली होती, त्या माणसाला हे माहीत नसेल?

त्यांनी भिंग फिरवलं. हिंदुराव जरा अंतरावर पटका काढून उभे होते, गालफडं बसलेली, भुवया पिकलेल्या. या तोंडाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण मालोजी बघतच राहिले.

"बाई, सांगा याला..." त्यांनी सुरुवात केली आणि ते थांबले. मग सरळ हिंदुरावांकडे तोंड करून म्हणाले, "हिंदू, आधी तू टेबलावर चढ. एवढं मोठं फूल तुला दिसलं न्हाई व्हय रे?"

हिंदुराव पुढे आले. त्यांनी मालोजींच्या हातातून दावं घेतलं आणि हौशाच्या पाठीवर थाप मारली.

"दिसलं हुतं की," ते म्हणाले. "पर चादरीखाली तुझा हात लई गार पडला हुता."